घरच्या वाइनमध्ये अल्कोहोल नक्की किती? वाचकांचे प्रश्न

नाताळ जवळ आला की या सदराकडे वाइनची पत्रं यायला लागतात, यंदा तर पाच पत्रं आली आणि पाचही एकाच गोष्टीवर, की आम्ही केली ती किती कडक झालीय ते कसं ओळखायचं. म्हणून यावेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवलेत, त्या वाचकांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा प्लीज.

ताई नमस्कार, आम्ही वसईचे. आजीच्या रेसिपीने दरवर्षी नाताळची वाइन करतो. १ किलो काळी द्राक्षं, १ किलो साखर, २ लिटर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू आणि चमचाभर बेकरीचं यीस्ट, चिनी मातीच्या बरणीत २१ दिवस. मस्त गोड होते. घरात सगळे म्हणतात ही काय दारू नाही, सरबत आहे, पोरांनाही अर्धा अर्धा कप मिळतो. यंदा भावाने हायड्रोमीटर मागवला, काल गाळल्यावर त्यात सोडला तर १.०५२ आलं. मग टक्के किती?
(वाचक, वसई)

नुसत्या १.०५२ वरून काही कळत नाही हो. हायड्रोमीटर अल्कोहोल मोजतच नाही, समोरचं पाणी साध्या पाण्यापेक्षा किती जड आहे एवढंच तो सांगतो. साखर ते जड करते आणि अल्कोहोल हलकं करतं, दोघांची ओढाताण होऊन जो आकडा येतो तो तुम्हाला दिसतो. लिटरभर द्रवात १३५ ग्रॅम साखर विरघळवून बघा, ते नुसतं साखरपाणीसुद्धा १.०५२ च्या आसपासच दाखवेल, थेंबभर अल्कोहोल नसताना. म्हणून यीस्ट घालायच्या आधीचं एक रीडिंग लागतं आणि शेवटचं एक. दोघांतला फरक गुणिले १३१ केलं की टक्के मिळतात.

तुमच्याकडे पहिलं रीडिंग नाही, पण रेसिपी मोजून लिहिलेली आहे, तर त्यावरून ते मागे जाऊन काढता येतं. खायच्या द्राक्षात किलोला साधारण १७० ग्रॅम साखर धरू, वरची १ किलो, म्हणजे एकूण ११७० ग्रॅम. आता द्रव किती झाला? पाणी २ लिटर, द्राक्षांचा रस पाऊण-एक लिटर, आणि इथे बहुतेक जण चुकतात ते म्हणजे साखर विरघळली तरी जागा खाते, १ किलो साखर सुमारे ६२० मिली जागा घेते. सगळं मिळून ३.४ लिटर धरा. म्हणजे लिटरला जवळजवळ ३४५ ग्रॅम साखर झाली, आणि असं द्रावण हायड्रोमीटरवर १.१३३ च्या आसपास दाखवतं. १.१३३ मधून १.०५२ गेले, उरले ०.०८१, गुणिले १३१ म्हणजे साडेदहा टक्के. इतकी साखर असताना हा सोपा फॉर्म्युला थोडं कमीच दाखवतो, म्हणून मी तुमच्या बरणीवर ११ लिहीन, एखादा टक्का इकडे तिकडे.

दुकानातली वाइन बारा-तेरा टक्क्यांची असते. तुमची सरबत म्हणतात ती तिच्या अगदी शेजारी बसलीय.

मग गोड का लागते? कारण साखर यीस्टला झेपेल त्यापेक्षा खूप जास्त पडलीय. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं, त्या हिशोबाने तुमच्या बरणीत २० टक्क्यांची साखर होती, पण बेकरीचं यीस्ट साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान दमतं आणि बसून जातं. उरलेली साखर तशीच राहते आणि जिभेला तेवढीच कळते. गोडवा म्हणजे जे आंबायचं राहिलं ते, जे आंबलं त्याचा जिभेला पत्ताच लागत नाही. म्हणून गोड आहे म्हणजे हलकी आहे ही समजूत डोक्यातून काढा, मी हे दरवर्षी लिहिते आणि पुढच्या वर्षीपण लिहीन.

यामागे कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी शेजाऱ्यांकडे नाताळच्या जेवणाला माझा मावसभाऊ आला होता, बिअरसुद्धा न पिणारा माणूस, घरची आहे गोड आहे म्हणून तीन ग्लास प्यायला आणि स्कूटर काढून निघाला. पहिल्याच वळणावर पडला, मनगट मोडलं. त्या बाटलीत किती टक्के होतं हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं, ज्यांनी केली त्यांनासुद्धा नाही. तेव्हापासून मी आकडा लिहिल्याशिवाय बाटली टेबलावर ठेवत नाही. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो, आणि ११ टक्केवाल्या वाइनचा दीडशे मिलीचा एक ग्लास म्हणजे ५ टक्के बिअरची एक अख्खी पाइंट, म्हणजे ३३० मिलीची बाटली. पोरांचा तो अर्धा कप ७५ मिली धरला तरी अर्धी पाइंट बिअर झाली. कृपा करून यंदापासून पोरांना द्राक्षाचा ताजा रस द्या. गरोदर सुनेला, गोळ्या चालू असलेल्या आजोबांना पण सरबत म्हणून देऊ नका.

गव्हाचं पण विचारलंय तुम्ही पत्रात खाली, की गव्हाने कडक होते का. नाही होत. गव्हात स्टार्च असतो आणि यीस्टला स्टार्च थेट खाता येत नाही, त्याची आधी साखर व्हावी लागते, अख्ख्या कोरड्या दाण्यात ते होत नाही. आजीची पद्धत आहे तर घाला जरूर, पण हिशोबात धरू नका.

आणि २१ दिवस हा आकडा यीस्टला माहीत नसतो. थंडीत जास्त लागतात, उकाड्यात कमी. तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन रीडिंग घ्या, सारखी आली तर थांबलीय असं समजायचं, अजून उतरतंय तर बाटलीचं बूच घट्ट लावू नका. बंद बाटलीत लिटरला ४ ग्रॅम साखर आंबली की आत साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो आणि तुमच्याकडे तर लिटरला दीडशे ग्रॅमच्या वर साखर शिल्लक आहे. यीस्ट दमलंय म्हणून गप्प आहे, पण एप्रिलच्या उन्हाळ्यात परत जागं झालं तर काचेची बाटली बॉम्बसारखी फुटते, लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्यात. फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

रीडिंग घेतानाच्या दोन गोष्टी. ताज्या वाइनमध्ये गॅस असतो, बुडबुडे हायड्रोमीटरच्या अंगाला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त येतो, म्हणून नमुना आधी एका भांड्यातून दुसऱ्यात आठ-दहा वेळा ओतून गॅस घालवा, नळीत टाकल्यावर हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरवा. दुसरं, बहुतेक हायड्रोमीटर २० डिग्रीला बनवलेले असतात, कागदावर किंवा काचेवर लिहिलेलं असतं बघा. वसईत दुपारी ३० डिग्री असेल तर आकडा अडीच-तीन पॉइंट कमी दिसतो, म्हणजे १.०५२ दिसलं तर खरं १.०५५ धरायचं. दोन्ही रीडिंग सारख्याच तापमानाला घेतली की हा घोळ जवळजवळ मिटतो.

हायड्रोमीटर नाहीये, गावात मिळतही नाही. घरच्या वस्तूंनी काही होईल का?
(वाचक, कोल्हापूर जिल्हा)

होईल, आणि मला स्वतःला ही पद्धत फार आवडते. किचनचा डिजिटल वजनकाटा लागतो, ग्रॅम दाखवणारा. बरणी भरली, यीस्ट घातलं, तोंडाला सुईने एक भोक पाडलेला फुगा लावला की सगळ्यासकट वजन करा आणि बरणीवरच खडूने लिहा. आंबताना साखरेचे दोन वाटे होतात, एक अल्कोहोल आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड, आणि हा गॅस फुग्याच्या भोकातून निघून जातो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम गॅस. म्हणजे बरणीचं जेवढं वजन घटलं, जवळजवळ तेवढंच अल्कोहोल आत तयार झालं, इतकं सरळ आहे.

समजा वर वसईवाल्यांची ३.४ लिटरची बरणी आहे आणि शेवटी वजन २८० ग्रॅम कमी भरलं. त्याला ९२ ने गुणून ८८ ने भागा, २९३ ग्रॅम अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, १ मिलीचं वजन ०.७८९ ग्रॅम, म्हणून २९३ भागिले ०.७८९ म्हणजे ३७१ मिली. ३४०० मिलीत ३७१ मिली, म्हणजे ११ टक्क्यांना जरासं कमी. बघा, वर हायड्रोमीटरने जे आलं तेच आलं.

पण मधेच चव बघायला डाव भरून काढली, गाळ काढला, रोज फुगा काढून ढवळलं की हिशोब गेला. ढवळायचंच असेल तर बरणी हलवून ढवळा आणि द्राक्षं शेवटच्या वजनापर्यंत आतच राहू द्या. थोडी पाण्याची वाफ पण गॅसबरोबर जाते त्यामुळे आकडा किंचित जास्त येऊ शकतो, घरच्या कामाला चालतं.

ताई, माझी निफाडकडे द्राक्षबाग आहे. एक्स्पोर्टला माल जातो तेव्हा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे टक्के, बघायला रिफ्रॅक्टोमीटर आहेच, म्हणून उरलेल्या मालाची घरापुरती वाइन केली. रस २२ ब्रिक्स होता, आता महिन्याने ८ वर येऊन अडकलाय, चार दिवस झाले हलत नाही. १४ ब्रिक्स उतरला म्हणजे ७-८ टक्केच झाली का, परत यीस्ट टाकू का? आणि घरापुरती केली तर चालते ना?
(वाचक, नाशिक जिल्हा)

भाऊ, यीस्ट टाकू नका, तुमची वाइन अडकली नाहीये, जवळजवळ पूर्ण झालीय!

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते बघतो. बागेत मण्याचा रस लावता तेव्हा त्यात साखर असते आणि पाणी असतं, त्यामुळे तो बरोबर सांगतो. पण अल्कोहोलसुद्धा प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वाकवतं आणि त्या बिचाऱ्या काचेला कळत नाही की हे वाकवणं साखरेचं की अल्कोहोलचं, ती सगळं ब्रिक्स म्हणूनच दाखवते. २२ ब्रिक्सचा रस पूर्ण कोरडा, म्हणजे साखर संपेपर्यंत, आंबला तरी रिफ्रॅक्टोमीटर ७ च्या आसपास दाखवत राहतो, शून्य कधीच येत नाही. तुमचा ८ म्हणजे हायड्रोमीटरवर १.००२ च्या जवळपास, अगदी थोडी साखर राहिलीय. २२ ब्रिक्स म्हणजे सुरुवातीला १.०९२, आता १.००२, फरक ०.०९०, गुणिले १३१, बारा टक्क्यांना जरासं कमी. तुम्ही ७-८ समजून पाहुण्यांना दिली असती तर दीडपट दिली असती.

म्हणून सुरुवातीला रिफ्रॅक्टोमीटर उत्तम, दोन थेंबात काम होतं, पण यीस्ट पडल्यावर तो परत बागेत न्या आणि शेवटचं रीडिंग हायड्रोमीटरनेच घ्या. बागेत उभ्या उभ्या अंदाज हवा असेल तर सुरुवातीचा ब्रिक्स गुणिले ०.५५, पूर्ण आंबली तर तेवढे टक्के होतात, २२ ला १२ येतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही पण स्पष्ट लिहिते. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यात लायसन्सशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे, मग ती विकायची असो की घरी प्यायची, वाइनही त्यातच आली. वसईच्या वाचकांनाही हेच लागू आहे. तुमच्याकडे बाग आहे, माल आहे, हौस आहे, तर आधी जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क ऑफिसात जाऊन काय परवानगी लागते ते समजून घ्या, मग पुढचं.

मी न्यू जर्सीत असते. इथे घरी करायला परवानगी आहे म्हणून यंदा द्राक्षाचा रस, थोडा डाळिंबाचा रस आणि मध असं अंदाजे घालून ५ लिटर केली, पहिलं रीडिंग घेतलं नाही आणि किती काय घातलं तेही लिहिलं नाही. आता मंडळाच्या लोकांना द्यायचीय. काही मार्ग?
(वाचक, न्यू जर्सी)

आहे. तिकडे केंद्रीय नियमाप्रमाणे दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन आणि एकट्याला १०० गॅलन वाइन करता येते, फक्त विकायची नाही, तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमात कुपन लावून वगैरे देऊ नका.

मार्ग असा, की पहिलं रीडिंग नसेल तर अल्कोहोल उडवून लावायचं आणि त्याच्याशिवाय वाइन किती जड आहे ते बघायचं. गॅस घालवून बरोबर २५० मिली वाइन मोजून घ्या, २० डिग्रीला आणून हायड्रोमीटरचं रीडिंग लिहा. मग तीच २५० मिली, नळीला लागलेला थेंबही न सांडता, स्टीलच्या पातेल्यात उकळून निम्म्यापेक्षा कमी करा. इंडक्शनवर करा, खिडकी उघडी ठेवा, गॅसच्या ज्योतीवर नको कारण निघणारी वाफ पेट घेऊ शकते, आणि ती वाफ गोळा करायच्या भानगडीत अजिबात पडू नका, तिकडे घरी दारू गाळणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. गार झालं की डिस्टिल्ड वॉटर घालून परत बरोबर २५० मिली करा, २० डिग्रीला आणा आणि पुन्हा रीडिंग घ्या. साखर, आंबटपणा, रंग सगळं तेवढंच आहे, फक्त अल्कोहोलच्या जागी पाणी आलंय, त्यामुळे आता ते जास्त जड भरेल. जेवढं जास्त, तेवढं अल्कोहोल होतं.

७ पॉइंटचा फरक आला तर साधारण ५ टक्के, साडेतेरा आला तर १०, सोळा आला तर १२. म्हणजे समजा आधी १.०१० होतं आणि नंतर साधारण १.०२३ किंवा १.०२४ आलं तर दहा टक्के धरा. इथे एका पॉइंटची चूक म्हणजे पाऊण टक्का इकडे तिकडे होतो आणि साध्या हायड्रोमीटरवर दोन-दोन पॉइंटच्या रेघा असतात, म्हणून हे दोनदा करा आणि दोन्हींचा मध्य घ्या. डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचा, काचेला चढलेल्या काठावरून नाही. या पद्धतीत मध किती घातला होता, डाळिंब किती होतं, काहीच आठवायची गरज नाही.

ऑनलाइन एक बारीक काचेची नळी मिळाली, वाइनचे थेंब टाकून उलटी केली की टक्के दिसतात म्हणे. आमच्या गोड जांभळाच्या वाइनला दर वेळी वेगळाच आकडा येतो. आणि घरच्या वाइनने विषबाधा होते का हो, आई फार घाबरते.
(वाचक, म्हापसा)

ती नळी कोरड्या वाइनसाठी आहे, म्हणजे जिच्यात साखर उरलेलीच नाही अशी. बारीक भोकात द्रव किती चढून राहतो त्यावरून ती अंदाज करते आणि साखर असली की तो अंदाज साफ बिघडतो. गोड जांभळाला तिचा उपयोग नाही, वरची उकळायची पद्धत वापरा, ती गोड वाइनलाही चालते.

आईची भीती मी उडवून लावणार नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने. पण तो मिथेनॉल बाहेरून मिसळलेला होता. फळं आंबवताना सालातल्या पेक्टिनपासून मिथेनॉल होतो तो फार थोडा, वाइनमध्ये तेवढा असतोच आणि त्याने असं होत नाही. मात्र आईला हेही सांगा की हायड्रोमीटर असो, वजनकाटा असो की ती नळी, यातलं एकही साधन इथेनॉल, म्हणजे वाइनमधलं नेहमीचं अल्कोहोल, आणि मिथेनॉल वेगळं ओळखत नाही. त्यामुळे आपल्या हाताने फळ निवडून केलेली बाटली एक, आणि कोणीतरी कॅनमधून आणून दिलेली, काय मिसळलंय माहीत नसलेली दुसरी. दुसरीचे टक्के मोजत बसू नका, ओतून द्या.